खिळ्याची काडतुसे शोधायला मुंबईत

जे राष्ट्र शस्त्र विसरते ते आपले नावही विसरते, आणि जे घराणे शस्त्र विसरते त्याला शेवटी दुकानदाराच्या दारात उभे राहावे लागते. हा सिद्धान्त आमच्या गावचे इनामदार आप्पासाहेब दर सोमवारी शंकराच्या देवळात सांगतात, आणि मराठी शाळेचा मास्तर या नात्याने मी मान डोलावतो. आम्ही दोघे नुकतेच मुंबईस जाऊन आलो ते या सिद्धान्ताच्या रक्षणासाठीच. तेथे पहिल्या दिवशी आम्ही ज्या दारात उभे राहिलो, ते दुकानदाराचे होते.

आप्पासाहेबांचे शस्त्र म्हणजे एक फ्रेंच घडणीचे सहाबारी पिस्तूल. ते त्यांच्या वडिलांना एका साहेबाने दिले. का दिले याच्या गावात तीन कथा आहेत आणि तिन्हींत वाघ आहे. वर्षभर हे पिस्तूल देवघरात असते. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहतात, आणि दसऱ्याला शिलंगणाच्या वेळी शिवेवरच्या शमीला टांगलेले मडके आप्पासाहेब त्या पिस्तुलाच्या एका बारात फोडतात. मडके फुटले की गाव सोने लुटायला मोकळे होते. आप्पासाहेबांनी हे वीस वर्षे केले, त्यांच्या वडिलांनीही केले, आणि दोघांचाही नेम कधी चुकला नाही.

गेल्या दसऱ्याला चुकला. तीन बार झाले आणि मडके जसेच्या तसे. कोणी म्हणाले वारा होता. कोणी म्हणाले, राखणदार धोंडी हिवतापाने पडल्यामुळे मडके त्याच्या पुतण्याने टांगले आणि तेही वाकडे टांगले. शेवटी आप्पासाहेबांचे चुलतभाऊ बापूसाहेब पुढे आले आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, "दादा, पुढच्या साली चुकलं तर हा मान आमच्याकडे दे. आमच्याकडे नवी बंदूक आहे. डोळेही आहेत."

त्या दिवसापासून आप्पासाहेब जेवत होते, पण भाजीला नाव ठेवीत नव्हते. घरच्यांनी काय समजायचे ते समजले.

एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन खरे कारण सांगितले. "मास्तर, बाराच्या वेळी माझे डोळे मिटतात. पूर्वी मिटत होते की नाही, कोण जाणे. तेव्हा मडकं फुटायचं, म्हणून मी कधी पाहिलं नाही. हात बसायला सराव पाहिजे."

सरावाला काडतुसे पाहिजेत, आणि घरात उरली होती सात. ही काडतुसे साधी नव्हेत. प्रत्येकाच्या कुशीतून गवताच्या काडीएवढा पितळी खिळा बाहेर आलेला असतो आणि पिस्तुलाचा घोडा त्या खिळ्यावर पडला म्हणजे बार उडतो. जिल्ह्याच्या गावच्या दुकानदाराने तसले काडतूस हातात घेऊन, हे कुलपाचे आहे का, असे विचारले. म्हणून दसऱ्याला महिना असताना आम्ही मुंबईस निघालो.

निघताना गावाने आपापल्या गरजा सांगितल्या. आमच्या घरून बांगड्यांची मागणी झाली. पोस्टमास्तरांना चष्म्याची दांडी हवी होती. धोंडी राखणदार वेशीवर उभाच होता. त्याला गिरणीची चार हात सुती दोरी हवी होती.

"कशाला रे?"

"गोफणीला, मास्तर. औंदा जोंधळ्यावर पाखरं लई. तागाची दोरी हात सोलती बगा."

मी चिठोऱ्यावर दोरी लिहून घेतली.

गिरगाव

गिरगावात माझा मेहुणा दिनकर एका चाळीत राहतो आणि कोटात, म्हणजे साहेबांच्या फोर्टात, एका कचेरीत कागदांच्या नकला करतो. त्याच्या खोलीत दोन माणसे सुखाने राहू शकतात आणि सहा राहत होती. आम्ही गेल्यावर आठ झाली, तरी कोणाला विशेष वाटले नाही. आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याचे गाव विचारतात. येथे आधी विचारतात, "किती दिवस?" विचारण्यात लबाडी नसते. नळाच्या पाण्याचा हिशेब त्यावर असतो.

पिस्तूल पाहून दिनकर मागे सरला. "भाऊजी, हे खोलीत ठेवू नका बुवा. घरमालक आधीच म्हणतो, माझ्याकडे पाहुणे फार येतात. त्यात एक जण पिस्तूल घेऊन आला म्हटल्यावर भाडं तरी वाढवील, नाहीतर घाबरून कमी करील. दुसरं व्हायचं नाही."

"परवाना आहे आमचा," आप्पासाहेब म्हणाले.

"त्या परवान्याला सांगा आमच्या मालकाशी बोलायला."

शेवटी पिस्तुलाची पेटी दिनकरच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवली. आप्पासाहेबांनी सकाळी स्नान करून, नित्याप्रमाणे पेटी उघडून पिस्तुलाला फूल वाहिले. पिस्तूल रेशमी फडक्यात गुंडाळलेले असते आणि वर्षानुवर्षांच्या कुंकवाने लालभडक झालेले आहे. शेजारच्या काकू ताक द्यायला आल्या होत्या. त्यांनी दारातूनच हात जोडले.

"कुठला हो देव?"

"घरचा," आप्पासाहेब म्हणाले.

"जागृत आहे का?"

आप्पासाहेब सत्यवचनी आहेत. ते म्हणाले, "गेल्या साली नव्हता."

काकूंनी हळहळून पेटीपुढे एक सुपारी ठेवली.

कोट

कोटातले बंदुकांचे दुकान पाहून माझा शस्त्रांविषयीचा आदर फार वाढला. इतक्या स्वच्छ काचा मी देवळातही पाहिल्या नाहीत. मालक एक पारशी गृहस्थ होते. त्यांनी आमचा परवाना शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला, मग फडके सोडून पिस्तूल हातात घेतले आणि बोटाला लागलेले कुंकू पाहिले.

"साहेब, हा लाल रंग कसला?"

"पूजेचा."

"आमच्याकडे तेल लावते," ते म्हणाले, आणि एवढ्यावर तो धर्मविचार त्यांनी संपवला. काडतूस उजेडाकडे धरून ते हसले. "अरे बाप रे! खिळावाला! हा तर माझ्या बापाजीच्या जमान्याचा माल. आता कोण वापरते? सरकारी मापाचा नवा पिस्तूल घ्या ना. काडतूस पाहिजे तेवढा देते."

आप्पासाहेब म्हणाले, "शेठजी, कुलदैवत जुनं झालं म्हणून बदलतात का?"

शेठजींनी डोके खाजवले. आत जाऊन त्यांनी एक गंजका डबा आणला. त्यात तसली बारा काडतुसे होती, पितळेवर हिरवा थर चढलेली. एकेकाची किंमत सहा आणे, आणि त्यांतले कोणते उडेल याचा भरवसा नाही. विलायतेहून ताजी मागवता येतील, पण पाचशेच्या खाली कारखाना ऐकत नाही आणि आगबोट नाताळाच्या आत येत नाही. दसरा तोवर थांबत नाही.

बाहेर येऊन आप्पासाहेब पायरीवरच बसले. सराव म्हणजे चुकणे. सहा आण्याला एक चूक हा भाव मला मास्तर म्हणून फार वाटला. शाळेत मी चुकीला एक छडी देतो आणि तरीही मुले परवडत नाही म्हणतात.

शेठजींना मागाहून दया आली असावी. ते दारापर्यंत येऊन म्हणाले, "दादरला एक शिकारी साहेब राहते. देशी साहेब. त्याच्याकडे सगळा जुना माल आहे. विचारून बघा."

दादर

दादर हे मुंबईत आहे असे मुंबईचे लोक म्हणतात. आम्हाला तेथे नारळी, भातखाचरे आणि बैल दिसले, तेव्हा आप्पासाहेबांना घरी आल्यासारखे वाटून त्यांनी पहिल्याने पान खाल्ले. शिकारी गृहस्थ प्रभू ज्ञातीचे होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. बंगला लहान आणि शिंगे फार. टोपी कोठे टांगावी हे विचारावे लागत नाही. कोठे टांगू नये हे मात्र भाऊसाहेब सांगतात, कारण प्रत्येक शिंगाला इतिहास आहे.

आम्ही आमचे काम सांगण्यापूर्वी त्यांनी आम्हाला दोन वाघ आणि एक गवा ऐकवला. मग एका लाटसाहेबांबरोबर काढलेली तसबीर दाखवली. तसबिरीत लाटसाहेब आहेत, मेलेला वाघ आहे, आणि कडेला एका माणसाचा अर्धा कोट आहे. तो कोट भाऊसाहेबांचा.

"खिळ्याची काडतुसं?" शेवटी ते म्हणाले. "अहो, पेटीभर आहेत! सरावाला न्या. पैसे कसले देता!"

आप्पासाहेबांचा चेहरा त्या महिन्यात पहिल्यांदा फुलला. भाऊसाहेबांनी स्वतः माळ्यावर चढून पेटी खाली आणली. काडतुसे खिळ्याचीच होती. फक्त ती बंदुकीची होती, एकेक राजेळी केळ्याएवढे. आप्पासाहेबांनी एक हातात घेतले, आपल्या पिस्तुलाच्या तोंडाशी धरले आणि परत ठेवले. हत्तीचे पलाण बकरीला दाखवण्यासारखा तो प्रसंग होता.

"थोडं मोठं होतंय का?" भाऊसाहेब म्हणाले.

"थोडं," आप्पासाहेब म्हणाले.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. या लोकांचा पाहुणचार त्यांच्या शिकारीपेक्षा खात्रीचा आहे. कोळंबीचे भानोले म्हणून एक पदार्थ निखाऱ्यांमध्ये भाजून करतात, तो आप्पासाहेबांनी तीनदा मागून घेतला. मला ब्राह्मण म्हणून वेगळे बसवून वालाचे बिरडे आणि खीर दिली. वासाच्या बाबतीत मात्र ते मला वेगळे बसवू शकले नाहीत, आणि माझी तक्रार नाही.

परळ आणि लालबाग

दिनकर म्हणाला, "भाऊजी, काडतूस मिळेल तेव्हा मिळेल. पिस्तूल तरी चालतं का, पाहिलंत? आमच्या ओळखीचे सखाराम मिस्त्री परळच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करतात. त्यांना दाखवा."

परळला आम्ही गिरणी सुटण्याच्या वेळी पोचलो. आमच्या गावाची लोकसंख्या जेवढी असेल तेवढी माणसे एका दरवाजातून बाहेर आली, आणि त्यांच्या डोक्यावर कापूस असा बसला होता की सगळी एकाच दिवशी म्हातारी झालेली दिसत होती. सखाराम मिस्त्री मालवणकडचे. उंच, हडकुळे आणि हाताने बोलणारे. झाडाखाली बसून त्यांनी पिस्तूल उलगडले.

"ह्यां काय? पिस्तूल की गौरीचो मुखवटो?"

"शस्त्र आहे," आप्पासाहेब ताठ होऊन म्हणाले.

मिस्त्रींनी खिशातून तार काढून नळीत घातली आणि ओढली. नळीतून कुंकवाची एक वळीच्या वळी बाहेर आली. काडतुसांच्या सहाही घरांतून हळद निघाली. शेवटी अक्षता निघाल्या.

"सरकारानू," मिस्त्री म्हणाले, "ह्येच्या पोटात हळदीकुंकवाचो समारंभ चाललोहा. बायका तेवढ्यो भायर इल्यो नाय."

दिनकर हसला, मी हसलो, आणि थोड्या वेळाने आप्पासाहेबही हसले. मिस्त्रींनी तेल घातले, घोडा चार वेळा ओढून पाहिला आणि खिळ्याचे काडतूस बोटांत फिरवले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तसलो खिळो मी बगलंय. लालबागेत नाटकवाले उतरलेत, त्येंच्या पिस्तुलाचो घोडो मीच सारखो केलंय. चला."

लालबागेत एका पत्र्याच्या वखारीत नाटक कंपनीची तालीम चालली होती. सामानाची व्यवस्था पाहणारे गोविंदराव नावाचे गृहस्थ होते. तरुणपणी ते राण्यांची कामे करीत, आणि अजूनही बसताना पदर सावरल्यासारखा हात करतात. त्यांनी पिस्तूल पाहिले मात्र, टाळी वाजवली.

"अगदी जुळी भावंडं! आमचंही हेच. काडतुसं म्हणाल तर दोनशे पडून आहेत. एका नव्या सामाजिक नाटकासाठी मागवली होती. नायक पाचव्या अंकात बार काढतो. प्रेक्षक तिसऱ्या अंकात उठून जात, त्यामुळे उरली."

आप्पासाहेबांनी एक काडतूस उचलले. माप बरोबर होते आणि खिळाही होता. पण पुढच्या टोकाला शिसे नव्हते, नुसता कागदाचा बोळा होता.

"गोळी कुठे आहे?"

"नाटकात गोळी कशाला, सरकार? बार होतो, धूर होतो, बायका किंचाळतात. पुरे."

"मग समोरचं फुटतं कसं?"

गोविंदरावांनी आम्हाला पडद्यामागे नेले. तेथे एका फळीवर मातीचा घट होता आणि मागे एक माणूस काठी घेऊन बसला होता. नायकाने बार काढला की त्याने घट फोडायचा, एवढेच त्याचे काम. अकरा वर्षे तो ते करीत होता आणि एकदाही चुकला नाही, असे त्याने अभिमानाने सांगितले.

"ही फसवणूक आहे," आप्पासाहेब म्हणाले.

"सरकार," गोविंदराव शांतपणे म्हणाले, "लोक मडकं फुटताना बघायला येतात. ते कोणी फोडलं, हे विचारायला तिकीट काढून कोणी येत नाही."

आप्पासाहेब रागाने बाहेर पडत होते. मी त्यांना थांबवून म्हटले, "आप्पासाहेब, आपली अडचण नेमाची आहे की डोळ्यांची? डोळे आवाजाने मिटतात. आवाज यात भरपूर आहे."

त्यांनी बराच विचार केला. मग ते परत फिरले. "किंमत?"

येथे मुंबईने मला थक्क केले. गोविंदरावांनी किंमत सांगितली नाही. वखारीच्या मधोमध एक नट सरदाराच्या वेषात मुजरा करण्याची तालीम करीत होता, आणि तो मुजरा पाहून कोणालाही वाटले असते की त्याची अंगठी जमिनीवर पडली आहे. आप्पासाहेब आल्यापासून तिकडे पाहून कळवळत होते. गोविंदरावांनी ते हेरले होते.

"सरकार, याला एकदा खरा मुजरा शिकवा. शंभर काडतुसं रिकाम्या पितळेच्या भावात देतो."

मग पुढला दीड तास आमच्या इनामदारांनी लालबागच्या वखारीत नाटकवाल्यांना मुजरे शिकवले. "कमरेत वाक, मानेत नको! हात जमिनीकडे ने, धूळ झाडायला नको! अरे, तू सरदार आहेस, वाढपी नाहीस!" सखाराम मिस्त्री कडेला बसून शेंगा खात पाहत होते. त्यांनी माझ्या कानाशी लागून म्हटले, "मास्तरानू, ह्येंका हयच ठेवा. पगार बरो मिळात."

काडतुसे बांधून, परवाना दाखवून आम्ही निघालो. वाटेत एका दुकानात मी धोंडीची चार हात दोरी घेतली. एक आणा पडला. दुकानदाराने विचारले, "पाळण्याला का?" मी म्हटले, पाखरांना. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मुंबईत कोणी पाखरे हाकीत नसावे.

परत गावी

आमराईत सराव सुरू झाला. आप्पासाहेब बार काढीत आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत उभा राही. वीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या लक्षाने मी कोणाचे डोळे पाहिले नव्हते. पहिल्या दिवशी बाराच्या आधीच मिटत. तिसऱ्या दिवशी बाराबरोबर मिटू लागले, ही प्रगतीच म्हणायची. दहाव्या दिवशी उजवा उघडा राहिला. साठाव्या काडतुसाला दोन्ही उघडे राहिले आणि आप्पासाहेब आनंदाने ओरडले, "मास्तर, धूर दिसला!"

समोर मडके होते, ते अर्थातच फुटत नसे. आप्पासाहेब म्हणत, "गोळी असती तर फुटलंच असतं." हा युक्तिवाद खोडून काढण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नव्हते.

रोजचे बार ऐकून बापूसाहेब अस्वस्थ झाले. ते मला वाटेत गाठून म्हणाले, "मास्तर, दादा एवढी काडतुसं आणतो कुठून?"

"मुंबईहून."

"परवडतात?"

"मुजऱ्याच्या मोलात मिळाली," मी म्हटले. ते खरे होते, आणि त्यांना ते कळले नाही.

दसऱ्याच्या दिवशी सगळा गाव शिवेवर लोटला. धोंडी बरा झाला होता. त्याने वडिलोपार्जित मानाप्रमाणे मडके शमीला टांगले आणि नेहमीप्रमाणे बाजूच्या करवंदीच्या जाळीआड जाऊन बसला, कारण हत्यारापुढे उभे राहू नये असे त्याच्या बापाने त्याला सांगितले होते. बापूसाहेब नवी बंदूक खांद्याला लावून पहिल्या रांगेत उभे होते. आप्पासाहेबांनी घरची गोळीची काडतुसे भरली. तेव्हा एवढी शांतता पसरली की पिस्तुलातले तेल वाजले असते तर ऐकू आले असते.

त्यांनी हात उचलला. मी डोळ्यांकडे पाहत होतो. दोन्ही सताड उघडे होते. बार झाला.

मडक्याचे तुकडे तुकडे झाले.

असा गजर झाला की शमीवरचे पक्षी पुढच्या गावाला गेले. आप्पासाहेबांच्या पागोट्यावर गुलाल पडला. बापूसाहेब क्षणभर घुटमळले, मग पुढे होऊन त्यांनी आपट्याची पाने थोरल्या भावाच्या हातावर ठेवली आणि पाया पडले. "दादा, तुझा मान तुझ्याकडेच." आप्पासाहेबांनी त्यांना उठवून छातीशी धरले. त्या रात्री आप्पासाहेबांनी भाजीला नाव ठेवले आणि घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली.

गाव सोने लुटत असताना धोंडी जाळीतून बाहेर आला. नव्या सुती दोरीची गोफण त्याच्या कमरेला गुंडाळलेली होती.

"दोरी झ्याक हाय, मास्तर," तो म्हणाला. "हात सोलला न्हाई."

शमीखाली कोणी नव्हते, म्हणून मी वाकून खापऱ्या चाळल्या. शिसे सापडले नाही. सुपारीएवढा एक गोटा सापडला, आमच्याच ओढ्यातला.